चालतंय की!

कोल्हापूरला बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून, म्हणजे खरं तर पायांतून, एक गुन्हा घडला. संध्याकाळी बँकेतून सुटलो आणि पायी घरी निघालो.

बँक ते घर हे अंतर दीड किलोमीटर. वीस मिनिटांचं चालणं. पण त्या वीस मिनिटांत तीन सहकारी, एक खातेदार आणि सरतेशेवटी आमचे घरमालक तात्या, असे पाचजण माझ्या बाजूला गाडी लावून थांबले. पाचहीजणांचा पहिला प्रश्न एकच.

"काय साहेब, गाडी बंद पडली काय?"

"नाही."

"पेट्रोल संपलं?"

"नाही हो. मला गाडीच नाही."

यावर समोरच्याचा चेहरा असा व्हायचा की जणू मी घरातलं कुणी गेल्याची बातमी सांगितली. क्षणभर शांतता. मग हळुवार आवाजात, "असूं दे. बसा मागं."

"नको, मी चालतो."

"चालतो म्हणजे? कुठवर?"

"घरापर्यंत."

"का पण?"

या 'का पण'ला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आज आहे, आणि ते थोडं लांब आहे, म्हणून लेख लिहायला घेतला. कोल्हापूरकराची लिफ्ट नाकारणं हे तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी नाकारण्याइतकंच अवघड असतं. तात्यांनी मला शेवटी दंडाला धरून बसवलं. घर तेव्हा पन्नास पावलांवर होतं.

मुळात माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या गावात गेल्यावर माणसानं पहिले काही महिने पायी हिंडावं. मी कॉमर्सचा पदवीधर. मला दाखले खातेवहीचेच सुचणार. गाडीवरून गाव बघणं म्हणजे पासबुकातली शेवटची शिल्लक तेवढी बघून पासबुक मिटणं. पायी बघणं म्हणजे नोंद न् नोंद वाचणं. कुणाचा पगार कुठल्या तारखेला जमा होतो, कोण दर महिन्याला आईला मनिऑर्डर करायचा आणि कधीपासून थांबला, हे शिलकीच्या आकड्यात दिसत नाही. नोंदींत दिसतं.

आणि कोल्हापूरच्या नोंदी काय विचारता! आम्ही राहतो मंगळवार पेठेत. तिथून निघालं की मिरजकर तिकटी. आमच्याकडे साताऱ्याला चौक असतात, नाके असतात. तीन रस्ते मिळाले म्हणून त्याला तिकटी म्हणून एक स्वतंत्र शब्द बहाल करणारं गाव मी प्रथमच पाहत होतो. मिरजकर तिकटी, माळकर तिकटी आणि (हे नाव ऐकून आमच्या आईनं कानांवर हात ठेवले होते) पापाची तिकटी. तीनपैकी कुठला रस्ता पापाचा, म्हणून मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "तिन्ही दिशांनी गेलासा तरी अंबाबाईच्या दारातच याल, काळजी करू नका." शिवाजी पेठेत उभा मारुती आहे. तिकडेच अर्धा शिवाजी पुतळा आहे, कारण तो कमरेपर्यंतचा आहे. कागदोपत्री त्या चौकाचं नाव निवृत्ती चौक. पण रिक्षावाल्याला निवृत्ती सांगितली तर तो तुमच्या वयाकडे बघतो. ताराराणी चौकाला सगळं गाव कावळा नाकाच म्हणतं. पत्ता सांगताना घरनंबराला कुणी विचारत नाही. "तालमीपासनं डावीकडं, मग बोळातनं सरळ." कुठली तालीम हे आपण माहीत करून घ्यायचं.

आता या नावांकडे नीट बघा. तिकटी, वेस, पेठ, बोळ, गल्ली. ही सगळी नावं पायांनी ठेवलेली आहेत. बोळाला बोळ कोण म्हणतो? ज्याचे दोन्ही खांदे भिंतींना घासतात तो. चारचाकीतल्या माणसाला त्या जागेचं नावही माहीत नसतं. त्याच्या लेखी तो रस्ता नसून निव्वळ अडचण असते.

पायी हिंडल्यामुळे मला आणखी एक शोध लागला. कपिलतीर्थ म्हणजे भाजी मंडई, वरुणतीर्थ म्हणजे गांधी मैदान. ही तीर्थं कोरडी कशी, म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थांना थांबवून विचारलं. (पायी चालणाऱ्यालाच माणसं थांबवता येतात. गाडीवरच्याला फक्त पोलीस थांबवतात.) ते म्हणाले, "तळी होती ती. मुजवली." मग पहिल्या मोठ्या पावसात मी मुद्दाम छत्री घेऊन गांधी मैदान बघायला गेलो. मैदानात तळं साचलं होतं. जमिनीचे व्यवहार माणसं विसरतात, पाणी विसरत नाही. आमच्या कर्जविभागात असा एक कारकून हवा होता.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीचं झालं. आता भांडणाला सुरुवात करतो.

आमच्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याला ती रोज सकाळी एकटी देवळात जायची, परत येताना अर्धा पाव लिटर दूध आणि गल्लीतल्या साऱ्या बातम्या आणायची. बदलीची बातमी सांगितली तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला, "जवळ देऊळ आहे का?" मी मोठ्या दिमाखात सांगितलं, तिकटीजवळ विठ्ठलाचं देऊळ आहे. हाकेच्या अंतरावर.

हाक पोचते. आई पोचत नाही.

पहिले चार दिवस गेली. पाचव्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत आली. सहाव्या दिवशी म्हणाली, "गुडघा दुखतोय." पंधरा दिवस गुडघा दुखत होता, पण घरातल्या घरात मात्र ती माळ्यावरचे डबे काढत होती. तेव्हा मला संशय आला. एका रविवारी मी तिची वाट तिच्याच चालीनं चाललो. हिशेबाची सवय म्हणून मोजत चाललो.

घर ते देऊळ, पावलं चारशे बारा. त्यात फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या एकतीस. चारचाक्या चार, पैकी एक अशी की तिच्यावर पिंपळाची पानं साचून रोप उगवलं होतं. विजेच्या पेट्या दोन. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकाचे वासे सहा. फलकावर दादा, दादांचे दादा आणि त्या सगळ्यांच्या खाली शुभेच्छुक म्हणून आख्खी गल्ली, म्हणजे ज्या गल्लीला चालायला जागा उरली नाही तीच. वाळूचा ढीग एक. एका दुकानानं आपल्या पायऱ्या फुटपाथभर पुढे आणल्या होत्या आणि दुसऱ्यानं त्याच ठिकाणी उतार केला होता, त्याची गाडी आत जावी म्हणून. या एवढ्यात मला फुटपाथवरून रस्त्यावर उतरावं आणि पुन्हा चढावं लागलं ते एकोणीस वेळा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं देवाला जाताना एकोणीस वेळा जिना चढायचा आणि दर वेळी उतरायचं ते धावत्या गाड्यांपुढे! मी घरून हिचं शिवणाचं टेप आणलं आणि एका ठिकाणी फुटपाथची उंची मोजली. अकरा इंच.

मी मोजत असताना मागे गर्दी जमली. "काय, रस्ता रुंद होणार काय?" म्हणून तीन दुकानदार चहा घेऊन आले. आईच्या गुडघ्यासाठी मोजतोय म्हटल्यावर चहा तसाच राहिला, पण गर्दी पांगली.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची एक संस्था १९३४ पासून या देशातल्या रस्त्यांचे नियम करत आली आहे. तिचं म्हणणं असं की वस्तीतल्या फुटपाथवर चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर असावी, म्हणजे जवळजवळ सहा फूट. आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी. आमच्याकडे हे आकडे जवळजवळ उलटे झालेत. मोकळी जागा इंचात आणि उंची फुटात मोजायची वेळ आलेली आहे.

तात्यांना हे सगळं सांगितलं. तात्या माणूस सोन्यासारखा. गणपतीत वर्गणी मागायला येतो तोही चहा पिऊन आणि उलट दहा रुपये घेऊन जाईल असा. ते म्हणाले, "अहो साहेब, गाड्या लावणार कुठं मग? चालतंय की!"

वाचकहो, हे दोन शब्द नीट ध्यानात घ्या. 'चालतंय की' ही कोल्हापूरची राजमुद्रा आहे. पाव्हणा रात्री अकराला आला? चालतंय की. ताटात चारऐवजी सहा वाटणं? चालतंय की. यात एक मोठं मन आहे, आणि त्या मनाच्या प्रेमात पडूनच मी इथं राहिलो आहे. पण मी दोन वर्षं बारकाईनं ऐकतो आहे. फुटपाथवर गाडी? चालतंय की. एकेरी रस्त्यात उलटा? चालतंय की. पायरी पुढं आणली? चालतंय की. या गावात सगळंच चालतंय. चालत नाही ती फक्त आमची आई.

पार्किंगला जागा नाही हा युक्तिवाद मला सर्वत्र ऐकायला मिळतो, आणि तो ऐकवणारा अशा सुरात ऐकवतो की जागा मी खाल्ली. समजा, मी एक मोठं कपाट विकत घेतलं. घरात जागा नाही. म्हणून ते तात्यांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "कपाट ठेवणार कुठं मग?" तर तात्या काय म्हणतील? 'चालतंय की' खचित म्हणणार नाहीत. कपाट घेण्यापूर्वी भिंत मोजायची असते. गाडी घेण्यापूर्वी मात्र फक्त हप्ता मोजतात. आणि तो हप्ता आम्हीच बांधून देतो, हेही कबूल केलं पाहिजे. अर्जात पगार विचारतो, जामीनदार विचारतो. 'गाडी रात्री कुठे उभी करणार?' हा रकाना आमच्या छापील अर्जात नाही.

दुसरा युक्तिवाद, गाव जुनं, रस्ते अरुंद. अहो, रस्ते अरुंद होते ते चालणाऱ्यांसाठी पुरेसे होते म्हणून! तिकटी तीच आहे. रुंद झाल्या त्या गाड्या.

तिसरा युक्तिवाद, फेरीवाल्यांनी फुटपाथ अडवले. इथे मी थोडा थांबतो, कारण गाडीवाले आणि पायवाले यांचं एकमत होतं ते नेमकं इथं, आणि ते मला मान्य नाही. आईच्या वाटेवर एक भाजीवाली बसते. तिची पाटी, तिची छत्री, ती स्वतः, सगळं मिळून अर्ध्या मोटारसायकलीएवढी जागा. तिच्याजवळून जायला कायम एक माणूस जाईल एवढी वाट मोकळी असते, कारण वाट बंद झाली तर गिऱ्हाईक यायचं कुठून? तीच मला म्हणाली, "मी बसतो म्हणून हितं गाडी लावत न्हाई कोन." (कोल्हापुरात बायकाही 'मी बसतो, मी जातो' म्हणतात. आमची कन्या तीन महिन्यांत 'मी आलो' म्हणायला लागली आणि आईला वाटलं घरात नातू आला.) फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यांना जागा नेमून द्यावी असं त्यात म्हटलं आहे. फुटपाथवर झोपलेल्या मोटारीसाठी कुठलाच कायदा तसं म्हणत नाही. पण मोहीम निघाली की पाटी उचलली जाते आणि मोटार तिथंच राहते. पाटी हलकी असते ना!

हे मी सगळं अर्जात लिहिलं आणि एका कार्यालयात नेऊन दिलं. तिथले साहेब अत्यंत सज्जन. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "गाडी कुठं लावलीय? खाली उचलून नेतात, जपून."

अर्जाला मी पुरावे जोडले होते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. भागाकार करायची माझी जुनी खोड. दिवसाला नव्वद. त्यांनी कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं, की त्यांचा वेग जास्त नव्हता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळा नसलेला, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेही जोडलं. साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण तक्रार तुमची एकट्याचीच आहे."

हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

भांडणं हा काही या गावाला नवा विषय नाही. शहरातले रस्ते नवे झाले आणि त्यांवर टोल बसला, तेव्हा कोल्हापूरनं काय केलं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील पुढे होते, मागे आख्खं गाव. माणसं रस्त्यावर उतरली ती उतरलीच, आणि २०१५ साल संपता संपता टोल जायची घोषणा झाली. त्या मोर्चांविषयी मला आजही आदर वाटतो. पण एक कारकुनी शंका आहे. टोल गाडीला होता, माणसाला नव्हता. एवढं मोठं गाव गाडीवरून उतरून मैलोगणिक पायी चाललं ते गाडीसाठी. चालताना पायांखालचा रस्ता एकाच्याही ध्यानात आला नसेल काय?

आणि चालायला ही माणसं भीत नाहीत, यातच तर गंमत आहे! आषाढीला इथून नंदवाळला दिंडी निघते, तेव्हा माणसं पायी जातात. जोतिबाला पायी जातात. भर जुलैच्या पावसात चिखल तुडवत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत जातात आणि पायाचे फोड दागिन्यासारखे दाखवतात. तोच मावळा दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला गाडीला किक मारतो. सकाळी रंकाळ्यावर फिरायला शेकडो माणसं असतात. सगळी तिथवर गाडीवर येतात, गाडी चालायच्या वाटेवर लावतात, आणि मग चालायला वाट नाही म्हणून चिडतात.

आमच्या बँकेत एक चालू खातं नावाचा प्रकार असतो. त्याच्यावर व्याज मिळत नाही. उलट शिल्लक कमी झाली की दंड. पायी चालणारा माणूस हा गावाचा चालू खातेदार आहे. धूर नाही, आवाज नाही, जागा दीड फूट, रस्त्याला त्याच्यानं खड्डा पडत नाही. आणि गाडीवाला हा बडा कर्जदार. तारण काही नाही, जागा फुकट, परतफेड शून्य, आणि समोर आला की आपणच उठून उभं राहायचं! थकीत कर्जाची नोटीस मात्र आमच्या आईला.

एवढं तावातावानं लिहून झालं आणि त्याच संध्याकाळी बँकेतले एक मित्र घरी आले. लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मनापासून दाद दिली. पार्किंगच्या परिच्छेदाला तर टाळीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात खालून आईची हाक आली. कन्येबरोबर ती कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि आता तिला दारात येता येईना. आमच्याच दारासमोर फुटपाथवर कुणाची तरी मोटारसायकल आडवी उभी होती. मित्र खिशात किल्ली चाचपत उठले. मी काही बोललो नाही. पाहुणा होता. चालतंय की, म्हटलं.

तात्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती आणि त्यांना गुजरीत सोनाराकडे जायचं होतं. रिक्षा मिळेना. मी म्हटलं, "चला, मी पण येतो, चालत." तात्यांनी प्रथम चप्पल बदलली, मग पाणी प्यायले, मग घरात सांगून निघाले. खासबागेवरून आलो. ज्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली त्याच्यासमोर तात्या न सांगता थांबले. तिथं पाहिलेली नाटकं एकेक करून सांगत राहिले. गाडीवरून रोज जात होते तिथून. मग भवानी मंडप, महाद्वार, आणि पुढे गर्दी चुकवायला म्हणून मी त्यांना एका बोळात घातलं.

बोळाच्या मध्यावर एक जुनं घर आहे. लाकडी सज्जा, सज्ज्याला कोरलेले मोर, खाली दगडी ओटा. ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. तात्या बघतच राहिले.

"हे हितं कधीपासनं हाय ओ?"

आजी म्हणाल्या, "माझं लगीन होऊन आलो तवापासनं तर हायच."

तात्यांचा जन्म इथला, अठ्ठावन्न वर्षांपूर्वीचा. ते घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्यांनी दुसरा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली. संध्याकाळी तात्या वहिनींना मागे बसवून निघाले, "तुला एक घर दाखवतो" म्हणून. तासाभरानं मला फोन.

"साहेब, ते मोराचं घर कुठं गेलं ओ? चार फेऱ्या मारल्या. घावत न्हाई."